जायबंदी जवानाचा खेळ, जायबंदी कामगाराचा हक्क

जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते मुरलीकांत पेटकर ह्यांना जीवनगौरव म्हणून अर्जुन पुरस्कार देण्यात आला. त्या वेळी त्यांनी वयाची ऐंशी वर्षे पूर्ण केली होती. ज्या पराक्रमासाठी हा पुरस्कार मिळाला तो १९७२ सालचा होता. पश्चिम जर्मनीतील हायडलबर्ग येथे भरलेल्या अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत ५० मीटर मुक्तशैली जलतरणात त्यांनी ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम नोंदवून सुवर्णपदक जिंकले होते. पॅरालिम्पिकमधील भारताचे हे पहिले सुवर्णपदक. ऑलिम्पिकमध्ये एखाद्या भारतीयाने वैयक्तिक सुवर्णपदक मिळवायला पुढे २००८ साल उजाडावे लागले. सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूर परिसरातून सैन्यात भरती झालेल्या ह्या जवानाने १९८२ साली अर्जुन पुरस्कारासाठी केलेला अर्ज नामंजूर झाला होता. २०१८ साली पद्मश्री मिळाली, २०२४ साली त्यांच्या आयुष्यावर हिंदी चित्रपट निघाला, आणि मग सरकारला अर्जुन पुरस्काराची आठवण झाली.

वृत्तपत्रांनी ह्या निमित्ताने जे लिहिले, त्यात एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता : जिद्द. पेटकरांच्या जिद्दीविषयी कुणाच्याही मनात शंका असण्याचे कारण नाही. परंतु एखाद्या माणसाच्या जिद्दीचे पोवाडे गाण्यात एक सोय असते. सारे श्रेय त्या माणसाच्या मनगटाला दिले की ज्यांना तसे मनगट नाही त्यांच्या दुर्दैवाची जबाबदारीही त्यांच्यावरच टाकता येते, आणि समाज व शासन दोघेही मोकळे होतात. म्हणून पेटकरांच्या यशाकडे थोडे निराळ्या दृष्टीने पाहिले पाहिजे. ते यश कोणत्या व्यवस्थेतून उभे राहिले, ती व्यवस्था कुणाला मिळाली आणि कुणाला नाकारली गेली, हा खरा प्रश्न आहे. समाजवादी विचारांच्या कार्यकर्त्याने तो विचारला नाही तर दुसरे कोण विचारणार?

रुग्णालयातील पाणी

पेटकर सैन्याच्या ईएमई ह्या तांत्रिक दलातील जवान होते आणि मूळचे मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या भारत-पाक युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. त्यांतली एक पाठीच्या कण्यातच राहिली आणि पाय निकामी झाले. मुंबईत कुलाब्याच्या 'अश्विनी' ह्या नौदल रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले. तेथेच उपचाराचा भाग म्हणून त्यांना पोहण्यास सांगण्यात आले. मुष्टियोद्ध्याचे दंड आणि खांदे शाबूत होते, आणि पाण्याने त्या दंडांना नवे काम दिले. पुढे विजय मर्चंट ह्यांच्या साह्याने परदेशवारीचा खर्च उभा राहिला. १९६८ साली तेल अवीव येथील स्पर्धेत ते टेबल टेनिस खेळले आणि १९७२ साली हायडलबर्गला पोहले. पुण्यात टेल्कोमध्ये त्यांना नोकरी मिळाली.

ह्या हकिगतीत किती गोष्टी एकत्र आल्या ते पाहावे. जखमीला खाटेवर जगविणारे सरकारी रुग्णालय, त्याच्या शरीराला पुढे काय शक्य आहे हे ओळखणारा वैद्यकीय सल्ला, पाणी आणि त्यात उतरण्याची सोय, प्रवासखर्चाला देणगी, आणि शेवटी पोटापाण्याची नोकरी. ह्यांतील एक दुवा जरी तुटला असता तरी जिद्द होती तेवढीच राहिली असती आणि पदक मात्र आले नसते. मर्चंट हे थोर क्रिकेटपटू होते आणि अपंगांसाठी त्यांनी केलेले काम आदरास पात्र आहे. ते गिरणीमालकांच्या घराण्यातले होते, हेही विसरता येत नाही. देशाच्या पहिल्या सुवर्णपदकाचा प्रवास एका सुहृदय श्रीमंताच्या मदतीवर अवलंबून राहावा, ही गोष्ट त्या श्रीमंताला भूषणावह असली तरी शासनाला नाही.

खेळ हाच उपचार

जखमी सैनिकासाठी खेळ ही करमणूक असते, असा समज अजूनही आहे. तो चुकीचा आहे. ह्या चळवळीचा उगमच मुळी रुग्णालयात झाला. पहिल्या महायुद्धात मज्जारज्जूला इजा झालेले सैनिक बहुधा वाचत नसत. ते मूळ जखमेने मरत नसत. एकाच कुशीवर पडून राहिल्याने पाठीला व कमरेला पडणारी क्षते आणि मूत्रमार्गाचा संसर्ग ह्यांनी ते काही महिन्यांत जात. त्या काळचे वैद्यक त्यांना औषधापेक्षा दयाच अधिक देई. नाझी राजवटीतून जीव वाचवून १९३९ साली इंग्लंडला आलेले ज्यू मज्जातज्ज्ञ लुडविग गुटमान ह्यांच्याकडे १९४४ साली स्टोक मँडविल येथील मज्जारज्जू विभागाची सूत्रे आली, तेव्हा त्यांनी ही नियती मानण्यास नकार दिला. रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलायला लावायची, क्षते पडू द्यायची नाहीत, आणि तो बरा होऊ लागला की त्याला कामाला आणि खेळाला लावायचे, अशी त्यांची शिस्त होती.

२९ जुलै १९४८ रोजी, लंडनच्या ऑलिम्पिकचे उद्घाटन ज्या दिवशी झाले त्याच दिवशी, स्टोक मँडविलच्या हिरवळीवर चाकाच्या खुर्चीत बसलेल्या सोळा माजी सैनिकांनी धनुर्विद्येची स्पर्धा केली. त्या सोळांत दोन स्त्रिया होत्या. १९५२ साली हॉलंडचे माजी सैनिक त्यात सामील झाले आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. १९६० साली रोममध्ये जी स्पर्धा झाली तिला आज पहिले पॅरालिम्पिक मानले जाते.

ह्यामागचे शास्त्र साधे आहे. कमरेखालचे शरीर निकामी झाले की माणसाचे सारे जगणे खांद्यांवर येते. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून शौचालयात, पुन्हा खुर्चीत असे दिवसातून अनेकदा स्वतःला उचलावे लागते. धनुष्य ओढण्याने पाठीचे व खांद्याचे स्नायू बळकट होतात आणि आधाराशिवाय धड सावरून बसण्याची सवय होते. पाण्यात शरीराचा भार हलका होतो, त्यामुळे जमिनीवर न हलणारे अवयव तेथे हलू शकतात, सांधे आखडत नाहीत आणि श्वासाची ताकद वाढते. चाकाच्या खुर्चीवरील बास्केटबॉलने ती खुर्ची हाताळण्याचे असे कसब येते की रस्त्यावरचा खड्डा मग तेवढा भयंकर वाटत नाही.

शरीराइतकेच महत्त्व मनाला आहे. पाय गेलेला तरुण रात्रंदिवस छताकडे पाहत पडला की त्याला आपण घरच्यांवर ओझे झालो असे वाटू लागते. मैदानावर त्याला पुन्हा प्रतिस्पर्धी भेटतो. त्याची कीव न करता त्याला हरविण्यासाठी उतरलेला माणूस त्याला पुन्हा माणसांत आणतो. हे काम एकट्या डॉक्टरला जमत नाही.

खडकीचा धडा

महाराष्ट्राला ह्या बाबतीत मोठी परंपरा आहे आणि ती फारशी कुणाला ठाऊक नाही. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या हिंदी सैनिकांना उद्योग शिकविण्यासाठी १९१७ साली मुंबईतच क्वीन मेरीज संस्थेची स्थापना झाली. पुढे ती खडकीला गेली आणि तेथे आजही आहे. १९४४ साली पुण्यात सैन्याचे कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. १९७१ च्या युद्धानंतर, मज्जारज्जूच्या दुखापतीने कायमचे खुर्चीला खिळलेल्या जवानांसाठी १९७४ साली खडकीत पुनर्वसन केंद्र उभे राहिले. तेथील जवान चाकाच्या खुर्चीवर बास्केटबॉल खेळतात, आणि ज्यांचे हातही गेले आहेत ते तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात. आणि २०१७ साली खडकीच्याच बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या केंद्रात सैन्याने अपंग खेळाडू-जवानांसाठी स्वतंत्र प्रशिक्षण केंद्र काढले.

त्याचे फळ दिसले. नागालँडचे होकातो सेमा हे आसाम रेजिमेंटचे जवान. २००२ साली काश्मीरमध्ये सुरुंगाच्या स्फोटात त्यांचा डावा पाय गेला. त्यानंतरची चौदा वर्षे ते कोणत्याही स्पर्धेच्या मैदानावर नव्हते. २०१६ साली पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात एका वरिष्ठ अधिकाऱ्याने त्यांना गोळाफेकीकडे वळविले, तेव्हा ते तिशी ओलांडून गेले होते. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये १४.६५ मीटर गोळा फेकून त्यांनी कांस्यपदक मिळविले. त्याच गटात स्पर्धा करणारे शिलाँगचे सोमन राणा हेही सैन्यातले, पेटकरांसारखेच आधी मुष्टियोद्धे आणि २००६ साली सुरुंगात पाय गमावलेले. २०२१ साली झालेल्या टोकियोच्या स्पर्धेत त्यांना चौथा क्रमांक मिळाला.

सेमांची ती चौदा वर्षे हा सर्वांत बोलका पुरावा आहे. माणूस तोच होता, जिद्दही तीच होती. बदलली ती भोवतालची व्यवस्था. पगार चालू, राहण्या-जेवणाची सोय, चांगला कृत्रिम पाय, प्रशिक्षक, मैदान आणि सोबतीला तशाच दशेतले सहकारी एवढे मिळाल्यावर आठ वर्षांत तो माणूस जगाच्या पहिल्या तिघांत गेला. साधनांचे असे सामूहिक नियोजन झाले म्हणजे काय घडते, ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण समाजवादाच्या पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही.

पदकाच्या सावलीत

तरीही सैन्याच्या व्यवस्थेचे गोडवे गाऊन थांबता येणार नाही. पदक मिळविणाऱ्या जवानाचा सत्कार करणारे शासन पदक न मिळविणाऱ्या जवानाशी न्यायालयात भांडत आले आहे. अपंगत्व निवृत्तिवेतन मिळावे म्हणून किती माजी सैनिकांना न्यायाधिकरणाच्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या! २०१३ साली धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की भरतीच्या वेळी जो धडधाकट होता आणि ज्याच्या कागदपत्रांत आजाराची नोंद नव्हती, त्याचे नंतरचे अपंगत्व सेवेमुळे आले असे गृहीत धरले पाहिजे. तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची आहे. ह्या निर्णयानंतरही सरकारची अपिले थांबली नाहीत. २०२३ साली संरक्षण मंत्रालयाने नवे नियम काढले आणि निवृत्तिवेतनातील अपंगत्वाच्या हिश्श्याला नवे नाव देऊन त्याच्या अटी बदलल्या. माजी सैनिकांच्या संघटनांनी त्यास विरोध केला तो निष्कारण नव्हता.

त्याहून दुःखद अवस्था छात्रांची. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत किंवा अन्य प्रशिक्षण संस्थांत शिकताना ज्यांचा कणा मोडला, ते अद्याप अधिकारी झाले नव्हते म्हणून माजी सैनिक ठरत नाहीत. १९८५ पासून असे सुमारे ५०० तरुण घरी पाठविण्यात आल्याची बातमी वाचून ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. मग त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारने त्यांना माजी सैनिकांच्या वैद्यकीय योजनेत सामावून घेतले. न्यायालयाने कान उपटल्याशिवाय ज्या शासनाला स्वतःच्या प्रबोधिनीत मोडलेला कणा दिसत नाही, त्याने पदकवीरांसोबत छायाचित्रे काढून घेताना थोडा संकोच बाळगावा.

एक धोका आणखी आहे. जवान खेळू लागला, गोळा फेकू लागला, म्हणजे त्याचे अपंगत्व कमी झाले, असा हिशेब मांडण्याचा मोह हिशेबनिसांना होऊ शकतो. खेळाने माणसाची ताकद वाढते, तुटलेला पाय परत येत नाही. म्हणून खेळातील प्रगती हे निवृत्तिवेतनाच्या कपातीचे कारण कधीही होता कामा नये. त्याचप्रमाणे ज्याला खेळायचे नाही, ज्याला शांतपणे वाचत बसायचे आहे किंवा शेतावर परतायचे आहे, त्याच्यावर वीर होण्याची सक्ती नको. उपचार म्हणून खेळ सर्वांना उपलब्ध असावा. स्पर्धा ज्याची त्याने ठरवावी.

प्रभादेवीतला दुसरा भाऊ

आता प्रभादेवीकडे वळू. सिद्धिविनायकाच्या दर्शनासाठी देशभरातून लोक जेथे येतात ती प्रभादेवी एके काळी गिरणगावाचा भाग होती. स्टँडर्ड मिलचा भोंगा येथे वाजत असे. स्थानकालगत एल्फिन्स्टन मिल होती. येथल्या चाळींत राहणारा कामगार रत्नागिरी, सातारा, सांगली, कोल्हापूर ह्या जिल्ह्यांतून आलेला. आणि पलटणीत भरती होणारा जवानही ह्याच जिल्ह्यांतला. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला 'मिलिटरी' असे उपपदच लागले आहे. घरातल्या दोन भावांपैकी एक पलटणीत आणि एक गिरणीत, कारण दोघांना पोसण्याएवढी जमीन नाही, हे त्या मुलखातल्या शेकडो घरांचे चित्र होते. दोघेही देशासाठीच राबत होते. एक सीमेवर उभा होता आणि दुसरा देशाला कापड पुरवीत होता.

पलटणीतल्या भावाला गोळी लागली तर त्याच्यामागे, कितीही अपुरी असली तरी, रुग्णालयापासून खडकीपर्यंतची एक साखळी होती. गिरणीतल्या भावाचा हात यंत्रात सापडला तर त्याच्यामागे काय होते? १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा आणि त्याला जोडलेला तक्ता. त्या तक्त्यात माणसाच्या अवयवांचे भाव लिहिलेले होते. अंगठा गेला तर मिळकतीची क्षमता ३० टक्के गेली, एका हाताची चार बोटे गेली तर ५० टक्के, दोन्ही हात गेले तर १०० टक्के. १९४८ च्या कायद्याने राज्य विमा आला, परळला आणि वरळीला कामगारांसाठी रुग्णालये झाली, कृत्रिम अवयव देण्याची तरतूद झाली. कामगार चळवळीने लढून मिळविलेल्या ह्या गोष्टी मोलाच्या आहेत. आता हे कायदे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले आहेत आणि तक्ता तेथेही आहे. परंतु बोटांची किंमत चुकती केल्यानंतर त्या माणसाच्या उरलेल्या आयुष्याचे काय, ह्याचे उत्तर तक्त्यात नाही. खांदा बळकट कसा करायचा, नव्या पायावर तोल कसा सांभाळायचा, चाळीच्या दोन मजल्यांच्या जिन्यावरून खाली कसे यायचे, आणि आलाच खाली तर जायचे कुठे?

गिरण्या गेल्या म्हणून हा प्रश्न गेला असे कुणी समजू नये. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतर गिरणगाव उद्ध्वस्त झाले. तरी मुंबई माणसांना जायबंदी करण्याचे थांबलेली नाही. आज प्रभादेवीत टोलेजंग इमारतींच्या परांचीवरून पडणारा बांधकाम मजूर आहे, दहा मिनिटांत सामान पोहोचविण्याच्या घाईत दुचाकीवरून घसरणारा तरुण आहे, आणि सर्वांत अधिक संख्येने लोकलच्या दारातून पडणारा किंवा रूळ ओलांडताना सापडणारा प्रवासी आहे. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसे मरत असल्याचे रेल्वे पोलिसांचे आकडे अलीकडच्या वर्षांतही सांगत आले आहेत. जे मेले नाहीत, पण हात-पाय गमावून घरी गेले, त्यांची गणना मृतांनंतरच्या ओळीत होते आणि तेथेच संपते. युद्धात होते तशी हानी ह्या शहरात शांततेच्या काळात दरवर्षी होते. मात्र ह्या जखमींसाठी खडकी नाही.

न बांधलेला पूल

२९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मेली. रेल्वेला स्वतःला पूल बांधणे झेपेना म्हणून सैन्याला बोलाविण्यात आले. बॉम्बे सॅपर्सच्या जवानांनी तेथे पादचारी पूल बांधला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुला झाला. त्याच वर्षी स्थानकाचे नाव प्रभादेवी झाले. हे बॉम्बे सॅपर्स खडकीच्या त्याच बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे, जेथे सैन्याचे अपंग खेळाडू तयार होतात. संकटाच्या वेळी लोखंडी पूल बांधण्यासाठी सैन्याचे कसब प्रभादेवीला चालते. मग जखमी माणसाला पुन्हा उभे करण्याचे जे ज्ञान सैन्याने शंभर वर्षांत कमावले, ते प्रभादेवीपर्यंत आणणारा पूल कुणी का बांधू नये?

जागा नव्हती असे म्हणता येत नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनीचा एक मोठा वाटा मोकळ्या जागांसाठी आणि एक वाटा सार्वजनिक घरांसाठी मिळावयाचा होता. २००१ साली नियमात बदल करून तो वाटा केवळ मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरता मर्यादित करण्यात आला, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. २००५ साली एल्फिन्स्टन मिलची सरकारी मालकीची जमीनही खाजगी बिल्डरला विकली गेली. जेथे मैदाने आणि सार्वजनिक तलाव होऊ शकले असते तेथे मनोरे उभे राहिले. त्या मनोऱ्यांत तरणतलाव आहेत, व्यायामशाळा आहेत, उद्वाहने आहेत. अपंग माणसाच्या पुनर्वसनाला लागणारी सारी सामग्री आहे. फक्त ती दाराशी पहारेकरी उभा करून राखलेली आहे. आणि तो पहारेकरी कधी जायबंदी झाला तर त्यालाही आत प्रवेश नाही.

दोन आक्षेप

ह्यावर दोन आक्षेप येतील. पहिला खुद्द पुरोगाम्यांकडून : सैनिकाच्या पराक्रमाचे कौतुक हे युद्धाचे कौतुक नाही काय? हा आक्षेप वरवरचा आहे. युद्धाचा खरा विरोधक तोच, जो युद्धाचा हिशेब शेवटच्या जखमी माणसापर्यंत मांडतो. युद्धाची भाषणे करणारे लोक आकड्यांत बोलतात. खडकीच्या पुनर्वसन केंद्रात पन्नास-पन्नास वर्षे खुर्चीत काढणारा जवान त्या भाषणांना दिलेले उत्तर आहे. त्याची उपेक्षा करून कुणी शांततावादी होत नाही. शिवाय तो शेतकऱ्याचाच मुलगा आहे.

दुसरा आक्षेप व्यवहारी म्हणविणाऱ्यांचा : जेथे धडधाकट मुलांना मैदान नाही तेथे अपंगांच्या खेळाची चैन कशाला? मुळात ज्या तलावात अपंग उतरू शकतो त्यात धडधाकटही पोहतोच. उताराची वाट खुर्चीलाही चालते, म्हाताऱ्यालाही चालते, बाळाला घेऊन येणाऱ्या आईलाही चालते. दुसरे असे की खाटेवर क्षते घेऊन पडलेल्या माणसावर होणारा रुग्णालयाचा खर्च तलावाच्या खर्चापेक्षा कमी नसतो. तो फक्त गरीब घराच्या पदरी पडतो म्हणून अंदाजपत्रकात दिसत नाही. त्या घरातली बाई नोकरी सोडून त्याच्या उशाशी बसते, तिची बुडालेली मजुरी कोण मोजतो? मुंबई महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४ हजार कोटी रुपयांच्या वर गेले आहे. त्या महापालिकेने पैसा नाही असे म्हणू नये.

काय मागावयाचे

कायदा अपंगांच्या बाजूने आहे. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले, सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण दिले, आणि त्याच्या ३० व्या कलमाने अपंगांचा क्रीडांगणावरील सहभाग घडवून आणणे ही सरकारची जबाबदारी ठरविली. सरकारी कागदांत 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' हा शब्द आला. शब्दाने जिना चढता येत नाही. कायद्यातील कलमे स्थानिक पातळीवर वठविणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे, आणि दादर-प्रभादेवी-परळ पट्ट्यात त्याची सुरुवात होऊ शकते.

शिवाजी पार्कजवळचा महापालिकेचा महात्मा गांधी जलतरण तलाव हा सार्वजनिक पैशाचा आहे. तेथे अपंगांसाठी आठवड्यातील राखीव वेळ, खुर्चीसह पाण्यात उतरविणारी यांत्रिक सोय आणि प्रशिक्षित सहायक असलेच पाहिजेत, अशी मागणी वॉर्ड कार्यालयात लेखी केली पाहिजे आणि तिचा पाठपुरावा केला पाहिजे. केईएम, परळ व वरळीची कामगार रुग्णालये आणि हाजी अलीची १९५५ पासूनची केंद्रीय पुनर्वसन संस्था ही सारी दोन-चार मैलांच्या परिघात आहेत. ह्या रुग्णालयांतून घरी जाणाऱ्या प्रत्येक जायबंदी रुग्णाच्या कागदावर औषधांबरोबर तलावाची किंवा मैदानाची शिफारस लिहिली जावी आणि तिला राज्य विम्याचा खर्च मंजूर व्हावा. खडकीच्या केंद्रांतून निवृत्त झालेले प्रशिक्षक व खेळाडू-जवान ह्यांना महापालिकेने पगारी मार्गदर्शक म्हणून नेमावे. ह्याने जवानाला सन्मानाची नोकरी मिळेल आणि कामगाराला गुरू. सिद्धिविनायक मंदिराचा न्यास १९८० च्या स्वतंत्र कायद्याने चालतो आणि रुग्णांना साह्य करतो. त्या साह्यात चाकाची खुर्ची व कृत्रिम अवयव ठळकपणे यावेत, हेही योग्य आहे. मात्र दानाने हक्काची जागा घेता कामा नये. आणि दारोदार सामान पोहोचविणाऱ्या, करारावर राबणाऱ्या तरुणांना अपघात विम्याबरोबर पुनर्वसनाचाही हक्क मिळावा म्हणून युनियनांनी आपल्या मागण्यांच्या यादीत हे कलम घातले पाहिजे.

कामाची सुरुवात मोजणीपासून करता येईल. प्रभादेवीच्या चाळीचाळींत, झोपडपट्टीत आणि संक्रमण शिबिरांत किती माणसे वरच्या मजल्यावर वर्षानुवर्षे अडकून पडली आहेत, हे शाखांनी घरोघर जाऊन मोजावे. त्यांत सीमेवर पाय गमावलेला निवृत्त जवान असेल, यंत्रात बोटे गमावलेली जुनी गिरणी कामगार बाई असेल, लोकलमधून पडलेला विद्यार्थी असेल. ती यादी घेऊन वॉर्ड कार्यालयात गेल्यावर अधिकाऱ्याला 'मागणी नाही' असे म्हणता येणार नाही.

पेटकरांना पुरस्कारासाठी बावन्न वर्षे थांबावे लागले. पुरस्कार थांबू शकतो. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाचे शरीर थांबू शकत नाही. पहिल्या काही महिन्यांत त्याचे सांधे आखडतात, क्षते पडतात आणि आशाही जाते. गुटमान ह्यांनी दर दोन तासांनी कूस बदलण्याचा नियम केला होता, तो ह्याच घाईतून. त्या हिशेबाने पाहता प्रभादेवीतील जखमी माणसाच्या बाबतीत आधीच फार उशीर झाला आहे.